अंड्याला बीजाधारित पर्याय

अंड्याला बीजाधारित पर्याय म्हणजे केक, मफिन, कुकी, पाव यांसारख्या भट्टीत भाजल्या जाणाऱ्या पदार्थांत अंड्याऐवजी वापरले जाणारे, वनस्पतींच्या बियांपासून तयार केलेले मिश्रण होय. जवस, चिया, हरभरा आणि सोयाबीन ही यांतील प्रमुख बियाणी आहेत. मांस, दूध, अंडी, मध असे सर्व प्राणिजन्य पदार्थ वर्ज्य मानणाऱ्या व्हीगन आहारात, तसेच अंड्याची ॲलर्जी असलेल्यांच्या आहारात या पर्यायांचा उपयोग होतो. यांपैकी जवस, हरभरा व सोयाबीन ही मराठवाड्यातील परिचित पिके असून हिंगोली जिल्ह्यात सोयाबीन हे खरिपाचे, तर हरभरा हे रब्बीचे महत्त्वाचे पीक आहे.

पार्श्वभूमी

'व्हीगन' ही संज्ञा १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थापन केलेल्या व्हीगन सोसायटीमुळे रूढ झाली. भारतात अंडी न खाणारा वर्ग मोठा असल्याने बिनअंड्याचा केक येथे पूर्वीपासून प्रचलित आहे. मात्र त्यात अंड्याची जागा बहुधा दही, ताक किंवा आटवलेले गोड दूध घेते. त्यामुळे 'एगलेस' पदार्थ शाकाहारी असला तरी तो व्हीगन असेलच असे नाही. भारतीय अन्नसुरक्षा नियमांनुसार अंडे असलेल्या पदार्थावर मांसाहाराचे तपकिरी चिन्ह छापावे लागते, तर दूध असलेला पदार्थ हिरव्या चिन्हास पात्र ठरतो. व्हीगन पदार्थांसाठी २०२२ साली स्वतंत्र नियम करण्यात आले व त्यांचे वेगळे बोधचिन्ह ठरवण्यात आले.

अंड्याचे कार्य

कवचाविना सुमारे ५० ग्रॅम भरणाऱ्या अंड्यात साधारण तीन-चतुर्थांश पाणी, १२ ते १३ टक्के प्रथिने आणि १० टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश असतो. भाजलेल्या पदार्थात अंडे एकाच वेळी अनेक कामे करते:

• बांधणी – उष्णतेने प्रथिने गोठतात आणि पदार्थाला आकार देतात. पांढरा बलक साधारण ६२ अंश सेल्सियसपासून गोठू लागतो, पिवळा बलक त्याहून थोड्या अधिक तापमानास.
• हवा धरणे – फेटलेल्या पांढऱ्या बलकात हवेचे बुडबुडे टिकतात व केकला जाळी पडते.
• मिलाफ – पिवळ्या बलकातील लेसिथिन तेल व पाणी एकजीव ठेवते.
• ओलावा, रंग व चव.

कोणतेही एक बियाणे ही सर्व कामे करू शकत नाही. म्हणून पदार्थात अंड्याचे मुख्य काम कोणते, हे पाहून पर्याय निवडावा लागतो.

प्रमुख पर्याय

जवस

जवस (शास्त्रीय नाव: लिनम युसिटॅटिसिमम) हे रब्बीतील तेलबियांचे पीक आहे. बियांच्या बाह्य आवरणातील पेशींत बहुशर्करायुक्त चिकट द्रव्य असते. पाण्याशी संपर्क येताच ते फुगते आणि पांढऱ्या बलकासारखा बुळबुळीत लगदा तयार होतो. एका अंड्यासाठी जवसाची एक मोठा चमचा (सुमारे ७ ग्रॅम) पूड तीन मोठे चमचे (४५ मिलिलिटर) पाण्यात कालवून १० ते १५ मिनिटे ठेवतात. पूड बारीक असावी लागते. अखंड दाण्यांतील तेल व प्रथिने मिश्रणात उतरत नाहीत. चटणीसाठी जवस भाजून घेतात, या उपयोगासाठी मात्र सामान्यतः कच्चे दाणे दळतात. हा पर्याय बांधणी व ओलावा उत्तम देतो, परंतु हवा धरत नाही. कुकी, मफिन, केळ्याचा किंवा गुळाचा केक, कणकेचे पाव यांना तो मानवतो. फिक्या रंगाच्या केकमध्ये त्याचे तपकिरी ठिपके दिसतात व किंचित खमंग चव जाणवते.

चिया

चिया (साल्विया हिस्पॅनिका) ही मूळची मेक्सिको व ग्वाटेमाला येथील, तुळशीच्या कुळातील वनस्पती आहे. तिचे बी स्वतःच्या वजनाच्या सुमारे दहापट पाणी धरते. प्रमाण जवसाप्रमाणेच असते. मिळणारा लगदा अधिक घट्ट, पण चवीला सौम्य असतो. म्हैसूर येथील केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने भारतात चियाच्या लागवडीस चालना दिली. हिंगोलीच्या उत्तरेस लागून असलेल्या वाशीम जिल्ह्यात अलीकडच्या वर्षांत चियाची लागवड वाढली आहे. चिया आणि सब्जा ही भिजल्यावर सारखी दिसणारी, पण वेगवेगळी बियाणी आहेत.

हरभरा

हरभरा दोन प्रकारे वापरला जातो. तीन मोठे चमचे बेसन तेवढ्याच पाण्यात कालवल्यास एका अंड्याइतकी बांधणी मिळते; बेसनातील प्रथिने व पिष्ट उष्णतेने घट्ट होतात. काबुली हरभरे शिजवल्यावर उरणारे दाटसर पाणी हा दुसरा प्रकार. २०१४ साली फ्रान्समधील जोएल रोसेल यांनी या पाण्याचा फेस होतो हे दाखवले, तर २०१५ साली अमेरिकेतील गूस वोल्ट यांनी त्याला 'ॲक्वाफाबा' हे नाव दिले. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'शेंगेचे पाणी' असा होतो. एका अंड्यासाठी तीन, तर केवळ पांढऱ्या बलकासाठी दोन मोठे चमचे पाणी घेतात. बीजाधारित पर्यायांत मेरिंगसारखा फेस देणारा हा प्रमुख पर्याय आहे. पाणी पातळ असल्यास ते आटवून घ्यावे लागते.

सोयाबीन

सोयाबीनमध्ये सुमारे ४० टक्के प्रथिने असतात व नैसर्गिक लेसिथिनही असते. एका अंड्याऐवजी सुमारे ६० ग्रॅम मऊ टोफू घोटून घेतात. त्याने केक ओलसर व जड होतो, त्यामुळे चॉकलेट केक किंवा ब्राउनीसाठी तो सोयीचा ठरतो.

वापरातील मर्यादा

ज्या पाककृतीत एक किंवा दोन अंडी लागतात तेथे जवस व चिया समाधानकारक ठरतात. तीन किंवा अधिक अंड्यांच्या स्पंज केकमध्ये केवळ लगदा वाढवल्यास केक आतून गिच्च राहतो. अशा वेळी बेकिंग पावडर वाढवणे किंवा खाण्याच्या सोड्यासोबत लिंबाचा रस अथवा व्हिनेगर घालणे हा उपाय केला जातो. आम्ल व सोडा यांच्या क्रियेतून निघणारा कार्बन डायऑक्साइड पीठ फुगवतो. म्हणून मिश्रण झाल्यावर ते लगेच भट्टीत ठेवणे आवश्यक असते. शंकरपाळी किंवा नानकटाई यांसारख्या पदार्थांना मुळात अंडे लागत नाही. तेथे फक्त तूप व दूध बदलावे लागते.

पिवळ्या बलकाचा रंग आणण्यासाठी चिमूटभर हळद वापरतात. हिंगोली जिल्हा हळदीच्या उत्पादनासाठी प्रसिद्ध असून 'वसमत हळद' हिला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मात्र हळदीतील कुर्कुमिन अल्कधर्मी मिश्रणात लालसर होते. त्यामुळे सोडा जास्त झाल्यास केकवर तांबूस डाग पडतात.

पोषण व सुरक्षितता

एका अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम प्रथिने मिळतात. एक चमचा जवसातून जेमतेम दीड ग्रॅमपर्यंत. अंड्यातील ब-१२ जीवनसत्त्व बियांमध्ये नसते. दुसरीकडे जवसातून तंतू व ओमेगा-३ गटातील अल्फा-लिनोलेनिक आम्ल मिळते, जे अंड्यात अत्यल्प असते. म्हणून हे पर्याय पाककृतीपुरते अंड्याची जागा घेतात, आहारातील नव्हे.

जवसाच्या तेलास हवा लागताच खवटपणा येऊ लागतो. त्यामुळे पूड लागेल तेवढीच करावी व उरल्यास हवाबंद डब्यात शीतकपाटात ठेवावी. कच्च्या जवसात सायनाइड मुक्त करू शकणारी संयुगे अल्प प्रमाणात असतात. भाजण्याने ती घटतात व केकमधील प्रमाण मुळात थोडे असते. अंड्याची ॲलर्जी असलेल्यांना सोयाबीन किंवा हरभऱ्याचीही ॲलर्जी असू शकते, हे पर्याय निवडताना ध्यानात घ्यावे लागते.

मराठवाड्यातील संदर्भ

मराठवाडा व विदर्भात जवसाची चटणी भाकरीसोबत खाण्याची जुनी पद्धत आहे आणि जवसाचे तेलही स्वयंपाकात वापरले जाई. जमिनीत शिल्लक असलेल्या ओलाव्यावर येणारे हे कोरडवाहू पीक आहे. लातूर येथील गळीतधान्य संशोधन केंद्राने 'एलएसएल-९३' हे वाण विकसित केले. हे केंद्र परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत येते. सोयाबीन व त्यामागून हरभरा हा पीकक्रम रूढ झाल्यानंतर जवसाचे क्षेत्र घटत गेले. अंड्याला पर्याय म्हणून चियाचे नाव आज अधिक ऐकू येत असले, तरी बहुतेक पाककृतींत तेच काम जवस करतो.

हे सुद्धा पहा

• जवस
• व्हीगन आहार
• हिंगोली जिल्हा
• टोफू