बोंडले, बाटली आणि पेला

‘तो काही बोंडल्याने दूध पीत नाही,’ असे आपण चतुर माणसाविषयी सहज बोलून जातो. बोलणाऱ्याने बोंडले कदाचित पाहिलेलेही नसते. वस्तू गेली, वाक्प्रचार मात्र उरला. परंतु या वाक्प्रचाराच्या पोटात आपल्या पूर्वजांची एक ठाम समजूत दडलेली आहे. बोंडले हे तान्ह्याचे साधन होय; ते सुटण्याचे एक वय असते, आणि ते वय उलटल्यावरही जो त्यास चिकटून राहील तो हसण्याचा विषय होतो. बोंडल्याच्या जागी जी रबरी बोंडाची बाटली आली तिच्याविषयी भाषेने असा कोणताही दंडक घालून दिलेला नाही. तीन वर्षांचे मूल तोंडात बाटली धरून देवळाच्या अंगणात हिंडताना दिसते, आणि त्याचे कोणास नवल वाटत नाही. हा पालट कसा घडला, आणि त्यात आपण नेमके काय गमावले, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

अन्नप्राशन हा आपल्या सोळा संस्कारांपैकी एक. आश्वलायन आणि पारस्कर यांची गृह्यसूत्रे त्यासाठी सहावा महिना सांगतात. मनुस्मृतीही सहावाच महिना सांगते, पण कुलाचारास मोकळीक ठेवते. वैद्यकाचा कौलही याहून फारसा निराळा नाही. सुश्रुताने शारीरस्थानात सहाव्या महिन्यात बालकास हलके व हितकर अन्न देण्यास सांगितले आहे. काश्यपसंहिता हा तर बालकांच्याच आरोग्याला वाहिलेला ग्रंथ. त्यात सहाव्या महिन्यात फलप्राशन आणि दहाव्या महिन्यात अन्नप्राशन असा क्रम आढळतो. वाग्भट त्यापुढची पायरी सांगतो. दात आल्यावर स्तन्य एकाएकी बंद न करता क्रमाक्रमाने कमी करावे, आणि स्तन्य सुटलेल्या बालकासाठी चारोळी, ज्येष्ठमध, मध, लाह्या व खडीसाखर यांचा मोदक करावा, असे त्याचे मत आहे. एक गोष्ट काढून घ्यावयाची तर दुसरी हाती द्यावी, हे बालमनाचे मर्म या जुन्या वैद्याने अचूक ओळखले होते.

आधुनिक वैद्यकही फिरून जवळजवळ त्याच ठिकाणी आले आहे. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध आणि त्यानंतर पूरक अन्न, हा जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक २००१ साली निश्चित झाला. भेद इतकाच की, सूत्रांतील सहावा महिना हा चालू महिना आहे, तर आजचे वैद्य सहा महिने पुरे होऊ द्या असे सांगतात. शिवाय एक वर्षाच्या आतील बालकास मध देऊ नये, असेही ते बजावतात. तेव्हा उष्टावणाच्या ताटात मध ठेवण्याची रीत असेल तर ती आवरलेली बरी.

आपल्या प्रांती या संस्काराचे घरगुती नाव उष्टावण. मुलग्याचे सम महिन्यात, मुलीचे विषम महिन्यात, आणि मूल मामाच्या मांडीवर, ही रीत अनेक घरांत परिचयाची आहे. जुन्या काबिजादींत १७३६ च्या इन्क्विझिशनच्या फर्मानाने ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांच्या जन्म, विवाह व मृत्यू या प्रसंगींच्या घरगुती चालींवरही बंदी घातली होती. पेडणे आणि डिचोली हे महाल पोर्तुगिजांच्या हाती आले ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. डिचोली १७८१ च्या सुमारास, पेडणे १७८८ मध्ये. तोवर धर्मांतराच्या धोरणाचा भर ओसरला होता. त्यामुळे पेडण्याची श्रीभगवती, मोरजीची श्रीमोरजाई, डिचोलीची श्रीशांतादुर्गा, आणि १६६८ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी ज्याचे देवालय नव्याने बांधविले तो नार्व्याचा श्रीसप्तकोटेश्वर, यांच्या छायेत हे लहानसहान कुलाचार खंड न पडता चालत आले.

उष्टावणानंतर मुलास काय देत? तांदळाच्या पेजेची निवळ, मग मऊ आटवल, भाजलेल्या तांदूळ-मुगाच्या पिठाचे खिमट, आणि नाचणीचे सत्त्व गूळ व नारळाच्या रसात शिजवून केलेले तिझण. अंगावरचे दूध मात्र चालूच असे. ते तोडण्याची वेळ आली की आई छातीला कडूलिंबाचा पाला वाटून किंवा कोरफडीचा रस लावी. उपाय कठोर खरा. पण दूध तुटण्याचा तो एक निश्चित काळ असे आणि सारे घर त्यात सहभागी होई. मूल रात्री आजीच्या कुशीत निजू लागे, आणि दूध तुटले तरी माया तुटत नाही हे त्यास कळून येई.

आईस दूध नसेल तर दूधआई शोधीत. १६५७ साली संभाजी महाराजांचा जन्म झाल्यावर सईबाईंची प्रकृती बिघडली, तेव्हा कापूरहोळच्या धाराऊने त्यांस दूध पाजले, ही गोष्ट महाराष्ट्राने कृतज्ञतेने जपली आहे. सामान्य घरांत मात्र अशा वेळी गाईचे वा शेळीचे ‘वरचे दूध’ आणि ते पाजण्यास बोंडले किंवा शिंपी, हाच मार्ग असे. बोंडले म्हणजे पन्हळीसारखी चोच काढलेले लहानसे भांडे. ऐपतीप्रमाणे चांदीचे नाहीतर पितळेचे. डिचोली महालातील कासारपाल या गावाच्या नावातच कासारांची आठवण आहे, आणि तेथील श्रीकालिका ही अनेक कासार कुटुंबांची कुलदेवता आहे. धातूच्या भांड्यांची परंपरा असलेल्या या मुलुखात बाळाच्या चोचीच्या भांड्यासाठी फार दूर जावे लागत नसावे. अशी भांडी केवळ आपलीच नव्हेत. जर्मनीतील बव्हेरिया प्रांतात ब्राँझ व लोह युगांतील बालकांच्या थडग्यांत चोचीची मातीची भांडी सापडली असून, त्यांत जनावरांच्या दुधाचे अंश आढळल्याचे संशोधकांनी २०१९ साली प्रसिद्ध केले.

बोंडल्याच्या घडणीकडे वाचकांनी जरा लक्ष द्यावे. त्याचे तोंड उघडे, म्हणून ते घासून, उन्हात ठेवून स्वच्छ होई. ते आडवे केले की दूध सांडे, म्हणून मूल ते घेऊन निजू शकत नसे. मुलास ते स्वतः धरता येत नसे, म्हणून पाजणारे माणूस समोर लागेच. बोंडल्याला मांडी लागे. बाटलीला उशी पुरते. आमच्या मते या दोन साधनांतील खरा भेद हाच आहे.

बाटलीचा उदय पश्चिमेकडे झाला. न्यूयॉर्कच्या एलायजा प्रॅट याने १८४५ साली रबरी बोंडाचे पेटंट घेतले. पुढे काचेच्या बाटलीस लांब रबरी नळी जोडून, मूल पाळण्यात एकटेच पडून दूध ओढील अशी सोय निघाली. नळी आतून धुता येत नसे. त्यात दूध नासे आणि असंख्य बालके अतिसाराने दगावत. अखेर फ्रान्सने १९१० साली नळीच्या बाटल्यांवर कायद्याने बंदी घातली. दरम्यान १८६५ च्या सुमारास लीबिग या रसायनशास्त्रज्ञाचे बालान्न आणि १८६७ साली हेन्री नेस्ले याचे दूध-पीठ निघाले होते. डबा आणि बाटली यांची जोडी जमली, आणि ती आगबोटींतून साऱ्या वसाहतींत पोहोचली.

तिच्याविरुद्ध पहिला जळजळीत आवाज उठविला तो डॉ. सिसिली विल्यम्स या विदुषीने. गोड डबाबंद दूध गरिबांच्या मुलांस पाजण्याच्या प्रचारास त्यांनी १९३९ साली सिंगापूर येथील व्याख्यानात सरळ खून असे संबोधिले. १९७७ साली बहिष्काराची चळवळ सुरू झाली. १९८१ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य परिषदेने विक्रीविषयक आचारसंहिता मंजूर केली. भारताने १९९२ साली कायदा केला आणि तो १ ऑगस्ट १९९३ पासून अमलात आला. बालदुग्धाच्या डब्यांप्रमाणेच दूध पाजण्याच्या बाटल्यांचीही जाहिरात त्याने निषिद्ध केली. २००३ साली तो अधिक कडक झाला. बाटलीसारख्या क्षुल्लक वस्तूसाठी संसदेस कायदा करावा लागला, यावरून तिचा पसारा ध्यानी यावा.

गोमंतकात हा पसारा वाढण्यास काळही अनुकूल होता. १९५५ नंतरच्या नाकेबंदीच्या दिवसांत येथील बाजारात परदेशी मालाची रेलचेल झाली. डिचोली परिसरात लोहखनिजाच्या खाणी भरभराटीस आल्या आणि घराघरांतील मिळवती माणसे बाहेर पडली. १९६० च्या सुमारास आणंदच्या सहकारी संघाने म्हशीच्या दुधापासून बालान्न काढले, आणि १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाल्यावर तीही बाजारपेठ आपल्यास खुली झाली. एकत्र घरे फुटली, आजीची कूस दूर राहिली. अशा वेळी ज्या मातेने बाटलीचा आधार घेतला तिला दोष देणे सर्वथा अन्यायाचे होईल. तिच्या भोवतालची माणसे कमी झाली; त्यांची जागा बाटलीने भरून काढली, इतकेच.

परंतु हानी व्हावयाची ती होतेच. तोंडात बाटली ठेवून निजणाऱ्या मुलांचे वरचे पुढले दात किडतात, हे फास या दंतवैद्याने १९६२ साली दाखवून दिले. निजेत लाळ कमी सुटते आणि दुधातील साखर दातांभोवती साचून राहते. दुसरी हानी डोळ्यांस दिसत नाही. दिवसभर दुधाने पोट भरलेले मूल भात, डाळ, नाचणी, मासळी यांस शिवत नाही. दुधात लोह फारच थोडे, म्हणून वरून गुबगुबीत दिसणारे मूल रक्ताने फिके पडते. एक वर्षानंतर दिवसाकाठी सुमारे अर्धा लिटर दूध पुष्कळ झाले, असे बालवैद्य सांगतात. वर्ष पुरे होताच बाटली सोडविण्यास आरंभ करावा आणि दीड वर्षापर्यंत ती संपवावी, असाही त्यांचा सल्ला आहे.

ही सोडवणूक कशी करावी, याचे उत्तर वाग्भटाच्या क्रमातच आहे. सहाव्या महिन्यापासून घोटभर पाणी लहान पेल्याने पाजून ओठांस सवय लावावी. पुढे दिवसातील एकेक बाटली बंद करून तिच्या जागी पेला द्यावा. प्रत्येक पायरीस चार-आठ दिवस जाऊ द्यावेत. रात्रीची बाटली सर्वांत शेवटी. ती सोडविताना दूध निजण्यापूर्वी पेल्याने पाजावे, दात पुसावेत, आणि बाटलीच्या जागी थोपटणे, ओवी, गोष्ट, आजोबांचे बोट यांपैकी काही द्यावे. मूल रात्री मागू लागलेच तर पाणी द्यावे. कडू लावून किंवा धाक घालून हे काम करू नये. आणि मूल आजारी असता, किंवा घरात नुकतेच दुसरे बाळ आले असता, त्याचा आरंभही करू नये.

आपल्या धर्माने अन्नाच्या आरंभास संस्काराची प्रतिष्ठा दिली आणि शास्त्राने स्तन्याच्या अंतास क्रम दिला. बाटलीस मात्र आरंभही नाही आणि अंतही नाही. ती घरात शिरली ती मुहूर्तावाचून, आणि निघण्याची तिथीही कोणी ठरविली नाही. ती आता आपणच ठरवावी, अशी आमची वाचकांस विनंती आहे. उष्टावणाच्या दिवशी मामाने चांदीची वाटी आणण्याची चाल आहेच. तिच्याबरोबर एक लहानसा पेलाही आणावा. पहिल्या वाढदिवशी कुलदेवतेच्या दर्शनास नेलेल्या बालकास देवळाच्या सभामंडपात त्याच पेल्याने घोटभर दूध पाजावे, आणि त्या दिवसापासून एकेक बाटली कमी करावी. यास मंत्र नको, खर्च नको. पेला धरण्यास मात्र घरचा एक हात रोज रिकामा हवा, आणि तेवढा तो असावा.