पाण्याची बाटली, एक झटका आणि ३० मिलिअँपिअर

इयरफोन नीट लावलेत ना? चला, आजची गोष्ट बाथरूममधून सुरू करू.

पहिली नोकरी लागली तेव्हा मी कॉट बेसिसवर राहायचो. गीझर वगैरे काही नाही, बादलीत रॉड टाकायचा आणि पाणी तापवायचं. एका सकाळी पाणी किती तापलंय ते बघायला बोट बुडवलं आणि कोपरापर्यंत सणकन झटका बसला. हात मागे आला म्हणून वाचलो. पण एक प्रश्न डोक्यात अडकला: खोलीत एमसीबी होता, मग तो पडला का नाही?

या प्रश्नामागे लागलो आणि पोचलो थेट १७४६ सालच्या हॉलंडमध्ये.

लायडन शहरात पीटर फान मुशेनब्रुक नावाचे प्राध्यापक होते. तेव्हा वीज म्हणजे काच घासून निर्माण होणारी ठिणगी. ती साठवायची कशी? त्यांच्या डोक्यात आलं, पाण्यात साठवू. काचेच्या भांड्यात पाणी, पाण्यात तार, आणि तारेतून वीज आत सोडायची. त्यांच्याकडे येणाऱ्या आंद्रेआस कुनेयस नावाच्या वकिलाने ते भांडं एका हातात धरलं, दुसऱ्या हाताने तारेला स्पर्श केला, आणि जबरदस्त हादरा बसला. मग मुशेनब्रुकनी स्वतः करून बघितलं. त्यांना वाटलं, संपलो आपण! पॅरिसला पाठवलेल्या पत्रात त्यांनी कळवलं की अख्खं फ्रान्सचं राज्य दिलं तरी हा प्रयोग पुन्हा करणार नाही. जर्मनीत फॉन क्लाइस्ट यांना असाच झटका काही महिने आधी, १७४५ मध्ये बसला होता.

गंमत म्हणजे वीज पाण्यात साठलीच नव्हती. पुढे बेंजामिन फ्रँकलिननी दाखवलं की खरा खेळ काचेचा आहे. पाणी ही फक्त आतली वाट होती, आणि बाहेरची वाट म्हणजे भांडं धरणारा हात! म्हणजे माणूस नुसता प्रयोग बघत नव्हता, तो त्या उपकरणाचाच एक भाग झाला होता. हे लक्षात ठेवा, शेवटी कामाला येईल.

लोकांनी मात्र याची करमणूक केली. फ्रान्समध्ये आबे नोले यांनी राजासमोर १८० शिपाई हातात हात देऊन उभे केले, आणि एका झटक्यात सगळे एकदम उडाले. सगळे हसले. हसता आलं, कारण तो झटका क्षणभराचा होता. भांडं रिकामं झालं की खेळ खल्लास.

आपल्या घरातली वीज अशी रिकामी होत नाही. शंभरएक वर्षांपूर्वी ती घराघरांत शिरायला लागली, आणि स्वयंपाकघर, न्हाणीघर, पोहण्याचा तलाव इथे माणसं मरू लागली. नेमका किती करंट माणसाला मारतो? याचा पिच्छा पुरवला कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या चार्ल्स डॅलझिएल यांनी. त्यांनी स्वयंसेवकांचे हात मिठाच्या पाण्याने ओले केले, हातात तार दिली आणि करंट हळूहळू वाढवत नेला. एका टप्प्यावर मूठ सुटेचना! पुरुषांमध्ये हा आकडा सरासरी १६ मिलिअँपिअर निघाला, बायकांमध्ये साडेदहा. स्नायू आखडतात, मेंदू सांगतो सोड, हात ऐकत नाही. आपण म्हणतो ना, ‘करंटने धरून ठेवलं’, ते हेच.

आता माझ्या बादलीचा हिशेब. कोरड्या त्वचेचा रोध १ लाख ओहमपर्यंत जाऊ शकतो. २३० व्होल्टला करंट येतो २ मिलिअँपिअरच्या आसपास, म्हणजे झिणझिण्या. पण ओल्या अंगाचा रोध १ हजार ओहमवर येऊ शकतो. करंट? २३० मिलिअँपिअर! हृदयाचा ठेका बिघडायला साधारण १०० पुरेसा असतो.

आणि एमसीबी? तो १० किंवा १६ अँपिअरचा, म्हणजे १० हजार मिलिअँपिअरच्या पुढचा. वायर जळू नये म्हणून तो बसवलेला असतो. माणूस जातोय हे त्याला कळतच नाही.

डॅलझिएलनी १९६१ मध्ये वेगळा विचार केला. जितका करंट जातो तितकाच परत यायला हवा. थोडा जरी कमी आला, तर तो कुठेतरी गळतोय, कदाचित कुणाच्या अंगातून. त्यांचं यंत्र ५ मिलिअँपिअरच्या गळतीला सेकंदाच्या ४०व्या भागात वीज तोडायचं. अमेरिकेच्या नियमांत ते आधी तलावातल्या दिव्यांसाठी आलं, १९७५ मध्ये बाथरूमसाठी. पाण्याच्या जागा आधी!

आपल्याकडे त्याच जातीचा आरसीसीबी मिळतो, बरेच जण त्याला ईएलसीबी म्हणतात. घरासाठी ३० मिलिअँपिअरचा. त्यावर ‘टी’ किंवा ‘टेस्ट’ लिहिलेलं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबा, वीज गेली पाहिजे. नाही गेली तर लगेच वायरमनला बोलवा.

खोली भाड्याने घेताना वायफायचा स्पीड विचारता ना? डिपॉझिट देण्याआधी आरसीसीबी आहे का, अर्थिंग आहे का, हेही विचारा. रॉड असेल तर आधी बटण बंद, मग प्लग बाहेर, मगच पाण्याला हात. आणि कुणी चिकटलंच, तर धावत जाऊन त्याला धरू नका. आधी मेन स्विच बंद करा. नाहीतर त्या शिपायांच्या रांगेत पुढचा हात तुमचा.

भेटू पुढच्या भागात. आज घरी गेल्यावर ते बटण मात्र नक्की दाबा!