यादवी, भाऊबंदकी आणि साहसपट

गृहयुद्ध हा शब्द मराठीत अर्वाचीन आहे. त्यापूर्वी या अर्थी दोन शब्द रूढ होते. ‘यादवी’ हा महाभारताच्या मौसलपर्वातील यादवकुळाच्या संहारावरून आलेला असून त्यात आत्मनाशाची छटा आहे. ‘भाऊबंदकी’ हा वतनाच्या व वाट्याच्या व्यवहारातून घडलेला आहे. त्यात हक्काची भाषा आहे. पहिल्या शब्दात कोणाचीच बाजू खरी नसते. दुसऱ्यात प्रत्येकाची थोडीथोडी खरी असते. तलवारबाजीच्या साहसपटाला हे दोन्ही अर्थ अडचणीचे ठरतात, कारण त्याला निःसंदिग्ध शत्रू हवा असतो.

पाश्चात्य साहसपटाने ही अडचण एका युक्तीने सोडविली. ‘कॅप्टन ब्लड’ (1935) या चित्रपटाचा नायक वैद्य आहे. 1685 सालच्या मन्मथच्या बंडात तो कोणाचाच पक्ष घेत नाही. जखमी बंडखोरावर उपचार केल्याबद्दल मात्र गुलामीची शिक्षा भोगतो आणि पुढे समुद्रावरचा चाचा होतो. अंतर्गत युद्ध हे येथे नायकाला दोन्ही पक्षांबाहेर ढकलण्याचे निमित्त होय. त्यानंतर तलवार उपसण्यास तो मोकळा होतो.

मराठी ऐतिहासिक चित्रपटाला असा नायक लाभणे कठीण होते. सरदार अथवा शिलेदार हा वतनाने, चाकरीने आणि नात्याने आधीच बांधलेला असतो. म्हणून बाबुराव पेंटरांच्या ‘सिंहगड’ (1923) पासून व्ही. शांतारामांच्या ‘उदयकाल’ (1930) पर्यंत साहसाचा विषय शिवकालातील परकीय सत्तेशी झुंज हाच राहिला. स्वकीयांतील विरोध दाखवावयाचा तर त्यासाठी तिसरा शब्द सोयीचा होता: ‘फितुरी’. हा अरबीमूलक शब्द भांडणाचे कारण सांगत नाही. तो केवळ दोषी ठरवितो. हक्काचा प्रश्न त्यामुळे निष्ठेचा प्रश्न बनतो आणि कथानक सरळ होते.

खऱ्या भाऊबंदकीला मराठी रंगभूमीने व चित्रपटाने हात घातला तेव्हा तलवार मागे पडली, ही गोष्ट लक्षणीय आहे. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्याचा गारद्यांनी खून केला. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘भाऊबंदकी’ (1909) हे नाटक आणि प्रभात कंपनीचा ‘रामशास्त्री’ (1944) हा चित्रपट या घटनेभोवती उभे आहेत. लोकप्रसिद्ध आख्यायिकेत तर शस्त्राची जागा अक्षराने घेतली आहे: ‘धरावे’ मधील ‘ध’चा ‘मा’ झाला आणि एका माणसाचा जीव गेला. चित्रपटात गजानन जागीरदारांनी साकारलेला नायक हा न्यायाधीश आहे. पाश्चात्य साहसपटातील वैद्याप्रमाणे तोही पक्षातीत आहे. परंतु त्याचे साहस सत्ताधीशासमोर देहान्त प्रायश्चित्ताचा निर्णय उच्चारण्यात आहे.

पुण्याची ही कथा सर्वांना परिचित आहे. तिचीच दुसरी बाजू वऱ्हाडात घडली. पहिल्या रघुजी भोसल्याच्या मृत्यूनंतर (1755) त्याच्या चार पुत्रांत वाटणी झाली. जानोजीला नागपूर, मुधोजीला चांदा, बिंबाजीला छत्तीसगड आणि साबाजीला दारव्हा मिळाले. निपुत्रिक जानोजीने मुधोजीचा पुत्र रघुजी यास वारस नेमले होते. 1772 मध्ये जानोजी वारला तेव्हा साबाजी व मुधोजी यांच्यात युद्ध पेटले. अकोल्याजवळ कुंभारी येथे लढाई झाली, पण निकाल लागला नाही. पुणे दरबाराने साबाजीचा अधिकार मान्य केला होता. नारायणरावाच्या खुनानंतर राघोबाने मुधोजीचा पक्ष उचलला. शनिवारवाड्यातील भाऊबंदकी अशा रीतीने नागपूरकरांच्या भाऊबंदकीत मिसळली.

शेवट 1775 च्या जानेवारीत नागपूरजवळ पाचगाव येथे झाला. मुधोजीचा पराभव जवळजवळ निश्चित झाला होता. साबाजीने आपला हत्ती भावाच्या हत्तीजवळ आणून त्यास शरण येण्यास सांगितले. मुधोजीने पिस्तूल झाडले आणि साबाजी ठार झाला. पडद्यासाठीच योजावा असा हा प्रसंग. परंतु त्यात टाळ्या कोणासाठी वाजवाव्यात? जिंकणारा भ्रातृघाती आहे, हरणारा पुतण्याचा हक्क नाकारणारा आहे. पुढे 1788 पर्यंत मुधोजीने पुत्राच्या नावे कारभार केला.

या संघर्षाकडे वाशीम भागातील आसेगावसारख्या गावाच्या बाजूने पाहिले असता त्याचे स्वरूप बदलते. साबाजीचे दारव्हे याच टापूच्या पूर्वेस आहे. शिवाय वऱ्हाडात निजाम व भोसले यांचा दुअंमल होता. एकाच पिकावर दोन सत्तांचा हक्क होता. त्यातही एका सत्तेचे दोन दावेदार झाले की वसुलाची मागणी कोणाची खरी, हे पाटील-पांड्यांनी ठरवावयाचे. तेथे पक्षातीत राहणे हे शौर्य नसून अशक्यप्राय गोष्ट होती.

येथेच साहसपटाच्या मर्यादेचा उलगडा होतो. त्याचा नायक युद्धाबाहेर पडू शकतो, न्यायाधीश राजधानी सोडून जाऊ शकतो. गावाला मात्र जागा सोडता येत नाही. भाऊबंदकीत कोण जिंकले हे इतिहास नोंदवितो. परंतु ‘यादवी’ हा जुना शब्द ज्या नाशाची आठवण ठेवतो, त्याची खरी किंमत दोन हत्तींच्या मधल्या रानाने दिलेली असते. वऱ्हाडच्या इतिहासावर उद्या चित्रपट निघाला, तर त्याने या रानाला केवळ रणभूमी समजू नये.