जलप्रलय आणि नदीकाठचा गाळ : भौतिक पुरावा काय सांगू शकतो?

बायबलमधील 'उत्पत्ती' या पहिल्या पुस्तकाच्या सहाव्या ते नवव्या अध्यायांत नोहाच्या काळातील जलप्रलयाचा वृत्तान्त येतो. या घटनेचा काही पुरावा जमिनीत सापडतो काय, आणि सापडल्यास त्याने शास्त्रवचन खरे ठरते काय, हा प्रश्न धर्मशिक्षणाच्या वर्गांत तरुण मंडळी वारंवार विचारतात. 'नोहाचे तारू सापडले' अशा मथळ्याच्या चित्रफिती आता घरोघरी पोहोचत असल्याने प्रश्नाला धार आली आहे. अशी बातमी पाहून भाविक हरखतो. पुढे ती पोकळ निघाली की त्याच्या मनात बातमीविषयी नव्हे, शास्त्राविषयीच किंतु उभा राहतो. म्हणून हा विषय आम्ही येथे थोडा सविस्तर मांडत आहोत. उदाहरणे शक्य तेथे बारामती व इंदापूर तालुक्यांतील घेतली आहेत, कारण पाणी आणि गाळ हे दोन्ही या भागाला चांगले परिचयाचे आहेत.

कऱ्हा नदी मोरगाव व बारामतीवरून वाहत जाऊन नीरेला मिळते आणि नीरा इंदापूर तालुक्याच्या टोकाला, नरसिंहपूर येथे, भीमेला मिळते. मोठा पूर आला म्हणजे नदीच्या आडोशाला, जेथे पाणी संथ होते तेथे, बारीक वाळू व गाळ बसतो. पुढचा पूर त्यावर दुसरा थर टाकतो. असे थर कोठे वाहून न जाता टिकले, तर पाणी किती उंच चढले होते आणि साधारण केव्हा, हे अभ्यासकांना सांगता येते. पुण्याचे भूरूपशास्त्रज्ञ विश्वास काळे व त्यांचे सहकारी यांनी नर्मदा आणि तापी या नद्यांच्या अशाच थरांवरून प्राचीन महापुरांचा मागोवा घेतला. तेव्हा गाळ हा साक्षीदार आहे, यात शंका नाही. प्रश्न एवढाच, की त्याला कोणकोणते प्रश्न विचारता येतात.

'केव्हा' हा सर्वांत सोपा वाटणारा प्रश्नही किती अवघड असतो, हे मोरगाव येथे पाहावयास मिळते. तेथे कऱ्हेच्या काठच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. तसाच थर जुन्नर तालुक्यात कुकडी नदीवर बोरी येथे आहे, आणि दोन्ही ठिकाणी त्याच्या सान्निध्यात अश्मयुगीन हत्यारे मिळाली आहेत. ही राख सह्याद्रीतील नव्हे. ती सुमात्रा बेटावरील तोबा ज्वालामुखीची, असे बहुतेक अभ्यासक मानतात. मात्र कोणत्या उद्रेकाची, यावर मोठा वाद झाला. बोरीच्या राखेचे वय एका मोजणीत सुमारे १४ लाख वर्षे आले. नंतर, रासायनिक घडण जुळते म्हणून, दोन्ही ठिकाणची राख सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची ठरविण्यात आली. पुढे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीने हे वय पुन्हा सात ते आठ लाख वर्षांच्या घरात नेले. राख तीच, हातात धरता येण्याजोगी. तरी तिचे वय दहापटीने मागेपुढे झाले. यात शास्त्रज्ञांचा दोष नाही. नदी जुना थर उकरते व पुन्हा पसरते, त्यामुळे पुरावा जागचा आहे की वाहून आलेला, हे प्रथम ठरवावे लागते.

जलप्रलयाच्या शोधात सर्वांत गाजलेले उत्खनन आजच्या इराकमधील ऊर नगरीचे होय. उत्पत्तीच्या पुस्तकानुसार अब्राहामाचे घराणे याच नगरीतून निघाले. लेनर्ड वूली या इंग्रज पुरातत्त्ववेत्त्याला इ. स. १९२८-२९ च्या हंगामात तेथील खोल खड्ड्यात दहा फुटांच्या आसपास जाडीचा स्वच्छ गाळाचा थर लागला. त्याच्या वरही मानवी वस्तीच्या खुणा होत्या आणि खालीही. हाच बायबलमधील जलप्रलय, असे वूली यांनी जाहीर केले व जगभरच्या वृत्तपत्रांनी ते उचलून धरले. परंतु पुढे शुरुप्पक व कीश या नगरींतील पुराचे थर निराळ्या काळातील, ऊरच्या थरापेक्षा कित्येक शतकांनी अलीकडचे ठरले. ऊरपासून केवळ वीसेक किलोमीटरवरील एरिडू येथे तर तसा थर आढळला नाही. म्हणजे सापडला तो 'जलप्रलय' नव्हे, अनेक पूर सापडले. युफ्रेटिस आणि टायग्रिस या नद्यांच्या सपाट प्रदेशात ते सापडणारच. असा एखादा भयंकर पूर लोकस्मृतीत राहिला असेल, हे शक्य आहे, किंबहुना आम्हांस ते संभवनीयही वाटते. पण कोणता, हे गाळ सांगत नाही. काळ्या समुद्रात सुमारे साडेसात हजार वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राचे पाणी एकाएकी घुसले, ही रायन व पिटमन या भूवैज्ञानिकांनी १९९० च्या दशकात मांडलेली उपपत्तीही अशीच विवाद्य राहिली आहे. आरारात पर्वतावरील तारवाच्या बातम्यांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. त्यांपैकी एकही तपासात टिकलेली नाही.

संपूर्ण पृथ्वी एकाच वेळी पाण्याखाली गेली होती काय? बारामतीत विहीर खोदणाऱ्यासही याचे उत्तर बरेचसे दिसते. वरची काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. हा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर वाहिलेल्या लाव्ह्याचा असून काळी माती मुख्यतः त्याच्याच झिजेतून तयार झाली आहे. अलीकडच्या काही हजार वर्षांत समुद्र या पठारावर चढला असता, तर त्याने आणलेल्या गाळाचा सलग थर या सर्वांच्या वर पसरलेला असता. तो नाही.

आता इंदापूर तालुक्यातील पळसदेवचे उदाहरण घेऊ. भीमेवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि जुने पळसदेव गाव जलाशयात गेले. तेथील पळसनाथाचे प्राचीन दगडी मंदिर वर्षाचा बराच काळ पाण्यात असते. उजनीची पातळी फार खाली गेली की शिखर व पुढे सभामंडप उघडा पडतो. समजा, दोन हजार वर्षांनी कोणी येथे उत्खनन केले. घरांची जोती, कोरीव खांब आणि त्यांवर जाड गाळ पाहून तो 'येथे महापूर आला व गाव बुडाले' असे लिहील. गाळापुरते ते खरेच असेल. पण पाणी आभाळातून कोसळले नव्हते, ते माणसांनी ठरवून अडविले होते. माणसे बुडाली नव्हती. घरे-शेते सोडून, पुनर्वसनाच्या वस्त्यांत जाऊन राहिली होती. त्या पाण्याने कोणाचा ऊस वाढला आणि कोणाची बागाईत गेली, यांतले काहीही त्या थरात नसेल. घटना घडल्याचा पुरावा आणि घटनेच्या अर्थाचा पुरावा या दोन वस्तू वेगळ्या आहेत, हे येथे पुस्तकाविना कळते.

ख्रिस्तसभेची भूमिका याच भेदावर उभी आहे. १९४८ साली परमधर्मपीठाच्या बायबल आयोगाने पॅरिसचे कार्डिनल स्युहार यांना पाठविलेल्या पत्रात उत्पत्तीच्या पहिल्या अकरा अध्यायांच्या लेखनप्रकाराचा विचार केला आहे. पोप बारावे पायस यांनी १९५० च्या परिपत्रात म्हटले, की हे अध्याय आधुनिक इतिहासलेखनाच्या पद्धतीचे नाहीत, तरी खऱ्या अर्थाने इतिहासाशी संबंधित आहेत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ च्या दैवी प्रकटीकरणावरील दस्तऐवजात लेखकाचा हेतू व लेखनप्रकार पाहून अर्थ लावण्यास सांगितले. वृत्तान्तातही दोन परंपरा एकत्र गुंफल्याच्या खुणा स्पष्ट आहेत: एके ठिकाणी प्रत्येक जातीची एक जोडी तारवात घ्यावयाची आहे, तर दुसरीकडे शुद्ध पशूंच्या सात जोड्या, एकीकडे चाळीस दिवस, दुसरीकडे दीडशे. ज्यांनी हे संकलित केले, त्यांना ही विसंगती दिसत नव्हती, असे मानणे कठीण आहे. त्यांनी ती पुसली नाही.

शेजारच्या कथांशी तुलना केली म्हणजे लेखकाचा हेतू अधिक उघड होतो. गिल्गमेशाच्या महाकाव्यातील प्रलयकथा जॉर्ज स्मिथ यांनी १८७२ साली लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयातील मातीच्या विटांवरून वाचून दाखविली, तेव्हा मोठी खळबळ उडाली होती. आपल्याकडे शतपथ ब्राह्मणात मनू व मत्स्याची कथा आहे. बाबिलोनच्या अत्राहासिस काव्यात माणसांच्या गलबल्याने देवाची झोप मोडते, म्हणून प्रलय येतो. उत्पत्तीत तो माणसांच्या हिंसेमुळे येतो, आणि शेवटी देव स्वतःला कराराने बांधून घेतो. तोही केवळ नोहाशी नव्हे, तर तारवातून बाहेर आलेल्या प्रत्येक सजीव प्राण्याशी. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात याच पाण्याचा संबंध बाप्तिस्म्याशी जोडला आहे, आणि पास्काच्या जागरणविधीत बाप्तिस्म्याचे पाणी आशीर्वादित करताना धर्मगुरू जी प्रार्थना म्हणतात, तिच्यात जलप्रलयाचा उल्लेख आजही येतो.