थ्रेड : दुब्रोव्हनिक, जहाजांना महिनाभर थांबवणारे शहर

१/ क्रोएशियाच्या दक्षिण टोकाला, एड्रिॲटिक समुद्राच्या काठी दुब्रोव्हनिक वसले आहे. क्रूझ जहाज सकाळी ग्रुझ बंदरात लागते आणि सायंकाळी निघते. मधल्या काही तासांत प्रवासी जुने शहर पायी पाहतात. रोगग्रस्त प्रदेशातून येणाऱ्यांना एक महिना बाहेर थांबवण्याचा कायदा याच शहराने १३७७ साली केला होता.

२/ पायी फिरणे बहुधा पिले वेशीपासून सुरू होते. वेशीवर शहराचा रक्षक संत व्लाहो याची मूर्ती आहे. वेशीपुढचा लाकडी पूल पूर्वी रात्री उचलला जाई आणि किल्ल्या शासनप्रमुखाच्या स्वाधीन होत. तटाचा घेर सुमारे १,९४० मीटर. आत कोण येतो, यावर नजर ठेवणे हे इथल्या राज्यकारभाराचे मूळ सूत्र होते.

३/ आत शिरताच ओनोफ्रियोचे कारंजे दिसते. पंधराव्या शतकात काही कोसांवरच्या झऱ्याचे पाणी पाटाने इथवर आणले गेले. समोरच्या फ्रान्सिस्कन मठातील औषधालय १३१७ सालचे. म्हणजे सार्वजनिक आरोग्याचा विचार या नगरीला नवा नव्हता.

४/ पुढे स्त्रादुन हा मुख्य रस्ता. दुतर्फा घरे एकसारखी, कारण ६ एप्रिल १६६७ च्या भूकंपात जुने शहर कोसळले आणि नियोजनपूर्वक पुन्हा उभारले गेले. रस्त्याच्या टोकाचा स्पोन्झा प्रासाद मात्र त्यातून वाचला. एके काळी तिथे जकात घेतली जाई. आज तिथे अभिलेखागार आहे.

५/ जवळच रेक्टरचा प्रासाद. रेक्टर म्हणजे रागुसा प्रजासत्ताकाचा प्रमुख. त्याची मुदत अवघी एक महिना. सत्ता एका हाती एकवटू नये, याची ही तजवीज. खरे निर्णय सरदार घराण्यांच्या सभांमध्ये होत.

६/ १३४८ साली प्लेगने या शहराला गाठले. पेच विलक्षण होता. शेतजमीन तुटपुंजी, धान्य बाहेरून येणार, उत्पन्न बाल्कन प्रदेश आणि इटली यांच्यातील व्यापारावर. वेस बंद केली तर उपासमार, उघडी ठेवली तर मृत्यू.

७/ २७ जुलै १३७७ रोजी महासभेने तिसरा मार्ग काढला. रोगग्रस्त प्रदेशातून येणाऱ्याने आधी म्रकान बेटावर किंवा त्साव्तात गावी एक महिना काढावा. नेमलेल्या माणसांखेरीज कोणी तिथे अन्न नेऊ नये. जो नागरिक तिथे जाईल, त्यानेही महिनाभर तिथेच राहावे.

८/ पुढे इतर बंदरांत ही मुदत चाळीस दिवसांची झाली आणि इटालियन भाषेतील ‘चाळीस’ या शब्दावरून ‘क्वारंटाइन’ रूढ झाले. प्लेगचा जंतू सापडला १८९४ साली. त्यापूर्वी पाच शतके, कारण ठाऊक नसताना, या सभेने एवढे ओळखले होते की काळ जाऊ दिला की रोग आपोआप उघड होतो.

९/ पूर्वेकडील प्लोचे वेशीबाहेर लाझारेती ही दगडी इमारतींची रांग आहे. ऑटोमन मुलखातून आलेले तांडे आणि त्यांचा माल इथे थांबवला जाई. दिवसभराचे बरेच पर्यटक इथवर न येताच परततात. शहराने जगाला जे दिले, तेच त्यांच्या वाटेत येत नाही.

१०/ १८०८ साली फ्रेंचांनी प्रजासत्ताक संपवले. १९९१ च्या वेढ्यात जुन्या शहरावर तोफगोळे पडले. आजचा ताण वेगळा आहे. तटाच्या आत १९९१ च्या सुमारास पाच हजारांच्या आसपास लोक राहत. आता उरले जेमतेम दीड हजार. घरे पर्यटकांना भाड्याने जातात, रहिवासी तटाबाहेर सरकतात.

११/ म्हणून २०१९ पासून एका वेळी दोनच क्रूझ जहाजे आणि सुमारे चार हजार प्रवासी, अशी मर्यादा घालण्यात आली. प्रश्न १३७७ सालचाच आहे : ज्यांच्यावर पोट चालते, त्यांना किती आणि कसे आत घ्यावे? मात्र तो कायदा वेशीच्या आत राहणाऱ्यांना वाचवण्यासाठी होता. आत राहणारेच उरले नाहीत, तर वेस राखायची कोणासाठी?

(समाप्त)