घोंगडी, जुनी : पारख व मोल

दख्खनी मेंढीच्या जाड्याभरड्या लोकरीपासून महाराष्ट्रात विणले जाणारे पांघरूण. लोकर धनगरांच्या कळपांतली. विणणारे मुख्यतः सणगर. नेदरलँड्समधील टिलबर्गच्या आबे कारखान्याच्या जुन्या ब्लँकेटला नावाची शिवलेली पट्टी असते, त्यावरून संग्राहक ते ओळखतात. घोंगडीला पट्टी नाही, म्हणून गावी जुन्या पेटीतून निघालेली घोंगडी हातानेच पारखावी लागते.

हातकताईचे सूत कुठे जाड, कुठे बारीक असते. उजेडासमोर धरल्यावर ही असमानता लगेच दिसते. गिरणीचे सूत एकसारखे असते. अस्सल काळा रंग मेंढीचाच असल्याने तो पूर्ण एकजीव नसतो, त्यात तपकिरी आणि करडे केस डोकावतात. ताण्याला चिंचोक्याची खळ दिलेली असते, त्यामुळे नवी घोंगडी ताठ असते आणि वापराने मऊ पडते. शंका उरल्यास कडेचा एक धागा जाळावा : लोकरीला जळक्या केसांचा वास येतो व राख चुरगळते, अ‍ॅक्रिलिक वितळून त्याचा कठीण मणी होतो.

मोल ठरवताना विणीचा घट्टपणा, वजन, लांबी-रुंदी आणि काठ पाहावेत. कसरीची भोके किंमत उतरवतात. नीट केलेले रफू मात्र दोष धरू नये. खंडोबाच्या जागरणात चौक मांडायला वापरलेल्या घोंगडीवरचे भंडाऱ्याचे डाग तर धुऊन काढूच नयेत, तिचा इतिहास त्यांतच आहे. आज दख्खनी लोकरीला भाव नसल्याने ती अनेकदा टाकून दिली जाते. त्यामुळे जुनी हातविणीची घोंगडी बाजारभावापेक्षा कितीतरी मोलाची मानली पाहिजे.