दोर शिकविणारा गुरू

दोराने माणूस बांधायचा, पण गाठ मारायची नाही, असे कोणी सांगितले तर ते कोडेच वाटेल. जपानात मात्र तो एके काळी शिपायांचा रिवाज होता. इ. स. 1603 ते 1868 या एदो काळात आरोपीला दोराने जखडण्याची ‘होजोजुत्सू’ नावाची एक स्वतंत्र विद्या तेथे होती आणि तिची निरनिराळी घराणी होती. बांधलेला मनुष्य सुटता कामा नये, त्याच्या देहाला वा मनाला इजा होता कामा नये, बांधण्याची रीत परक्याच्या नजरेस पडता कामा नये आणि बांधणी देखणी असावी, असे तिचे चार दंडक सांगतात. गाठीने बांधले जाणे ही मोठी बेअब्रू मानली जाई. म्हणून ज्याचा गुन्हा अद्याप शाबीत झालेला नाही, त्याच्याभोवती नुसते वेढे घालीत. त्याच राजवटीत दोराने माणसांचा छळही झाला, हे विसरून चालणार नाही. विद्या दोन्हीकडे तीच. फरक पडला तो दंडक पाळणाऱ्या हातांमुळे.

आपल्याकडेही दोराचे वेढे अंगाभोवती घेऊन गाठ न पडू देण्याची एक विद्या आहे. ती म्हणजे दोरीचा मल्लखांब. मल्लखांबाला उत्तर पेशवाईत नवे जीवन दिले ते दुसऱ्या बाजीरावाच्या पदरच्या बाळंभटदादा देवधरांनी. लाकडी खांबाच्या जोडीला पुढे वेताचा मल्लखांब आला. आणि चांगला वेत दुर्मिळ झाला तेव्हा त्याची जागा सुती दोराने घेतली. पायाचा अंगठा व शेजारचे बोट यांच्या बेचक्यात दोर धरून खेळाडू वर चढतो, कंबरेला, मांडीला, पोटरीला वेढे घेत आसन साधतो, आणि तितक्याच शिस्तीने वेढे उलगडीत खाली येतो. दोर जर कोठे गाठीत अडकला, तर खेळाडूही तेथेच अडकला!

ही विद्या ज्यांनी जतन केली, त्यांत अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ (स्थापना 1914) आणि दादरचे श्री समर्थ व्यायाम मंदिर (स्थापना 1925) यांची नावे आदराने घेतली जातात. दादरच्या व्यायाम मंदिरातील उदय देशपांडे यांना 2024 साली पद्मश्री मिळाली. त्यांनी अंध मुलींनाही मल्लखांब शिकविला. जिला चित्र दाखविता येत नाही, तिला शिकवायचे म्हणजे दोर तिच्या हाती द्यायचा, पाय योग्य जागी ठेवायचा आणि खाली आपण उभे राहायचे! शिकविणे याचा मूळ अर्थ मला येथे दिसतो.

मी नव्या मुंबईत राहतो. येथेच करावे गावाजवळ ‘टी. एस. चाणक्य’ ही नाविक शिक्षणसंस्था 1993 पासून आहे. तिची परंपरा 1927 च्या ‘डफरिन’ या शिक्षणनौकेपर्यंत मागे जाते. नाविकांचा जुना दंडक असा की, जी गाठ ताणाखाली टिकते आणि काम संपताच सहज सुटते, तीच खरी गाठ. जपानी शिपाई, मल्लखांबपटू आणि नाविक या तिघांच्या विद्येत सोडविणे हे बांधण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

गुरूशिवाय शिकविण्याचा प्रयत्नही जुनाच आहे. बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण मजुमदारांनी 1936 ते 1949 या काळात ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड सिद्ध करून आखाड्याची विद्या सचित्र स्वरूपात घरोघर नेली. परंतु ग्रंथ एक पथ्य पाळतो. कोणता वाचक कोणत्या पानावर किती वेळ थांबला, हे तो कोणाला सांगत नाही.

आता मोबाईलचे दिवस आहेत. जपानातील त्या दोरविद्येला विसाव्या शतकात निराळेच वळण लागले. इतो सेइयू (1882–1961) या चित्रकाराने जुन्या बंधनांची चित्रे काढली. तेथून ती रंगमंचावर आणि पुढे जाणत्या प्रौढांच्या खाजगी, परस्परांच्या राजीखुशीच्या कलेत गेली. आज ती शिकविणारी अ‍ॅपे फुकट मिळतात. एवढ्यावरून नाक मुरडण्याचे कारण नाही. दोन जाणत्या माणसांच्या घरात डोकावण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? माझा प्रश्न गुरूविषयी आहे.

दंडाच्या बाहेरच्या बाजूने एक मज्जातंतू हाडालगत जातो. तेथे दोर रुतला तर मनगट लुळे पडते आणि बरे होण्यास कधी आठवडे, कधी महिने लागतात. गळ्याभोवतीचा दोर तर जीवच घेतो. समोर बसलेला गुरू बोटे गार पडलेली पाहतो, चेहरा पाहतो, ‘पुरे’ हा शब्द ऐकतो. पडद्याला हे काही कळत नाही. मग त्या अ‍ॅपाचा पहिला धडा कोणता असावा? माझ्या मते तो सोडविण्याचा असावा: हाताशी बोथट टोकाची कात्री, बांधलेल्याला क्षणभरही एकटे न सोडणे, आणि प्रत्येक वेढ्याआधी विचारणे. हे धडे ओलांडून पुढे जाताच येऊ नये. सुंदर चित्र त्यानंतर.

दुसरी गोष्ट फुकटपणाची. एखादा मनुष्य असे काही शिकतो आहे ही वार्ताच बाजारात विकली जाऊ शकते आणि अब्रू घेऊ शकते. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 24 ऑगस्ट 2017 रोजी दिला. 2023 साली वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा झाला; त्यात अठरा वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले आहे. कायदा हवाच. पण शाळामास्तर म्हणून मला ठाऊक आहे की, पोराच्या हाती फोन असतो आणि वय विचारले असता तो बेधडक अठरा सांगतो. म्हणून अ‍ॅप रचणाऱ्याने निदान शिकणाऱ्याचे नाव विचारू नये, त्याची नोंद ठेवू नये. आणि प्रौढांची विद्या मुलांच्या खेळांच्या रांगेत मांडू नये.

एदो काळातील घराण्यांनी विद्या लपविली, त्यात अहंकार होता हे खरे. विद्या खुली झाली हे बरेच झाले. पण ती खुली करताना चारांपैकी ‘कोणाला दाखवू नये’ हा एकच दंडक मोडावयाचा होता. ‘इजा होऊ नये’ हा दंडक तसाच राहावयास हवा, आणि तो पाळण्याची जबाबदारी, गुरू अदृश्य झाला तरी, गुरूचीच आहे.